हाड धरणारा इम्प्लांट कसा ओळखायचा आणि कसा हाताळायचा

ऑपरेशनला सर्जनच्या शेजारी स्क्रब नर्स म्हणून उभी राहायला लागून मला चारच महिने झाले होते. ट्रॉलीवर खुब्याचा कप, म्हणजे खुब्याच्या उखळीत बसवायची धातूची वाटी, काढून ठेवलेला, त्याच्या पाठीवर रक्ताचा एक थेंब उडाला. मी सवयीने गॉज उचलला आणि पुसला. थेंब गेला, पण गॉजचे पाच-सहा धागे कपाच्या पाठीला अडकून बसले. सावरीच्या काटेरी खोडाला कापूस लोंबतो ना, तसे. सरांनी, म्हणजे सर्जननी, एकदा कपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आवाज न चढवता म्हणाले, "दुसरा उघड." दुसरा उघडला. पहिल्याचे पैसे कुणाच्या खात्यात गेले ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारायला गेले नाही.

त्याला चोवीस वर्षं झाली. नोकरी मडगावला, घर फोंड्याला. दर वर्षी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, नव्या मुली येतात, मुलगेही येतात, आणि दर वर्षी मी हेच सगळं पुन्हा सांगते. म्हणून एकदा लिहून काढते आहे. हे गुडघा-खुब्याच्या ओटीत नव्याने आलेल्यांसाठी आहे. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल त्यांनीही वाचायला हरकत नाही.

माझे बाबा गवंडी. चिऱ्याच्या भिंतीला गिलावा करायचा असला की ते निवांत असत. चिरा मुळातच भोकाभोकांचा, माल त्यात शिरतो आणि धरतो. त्यांना काळजी असे ती काँक्रीटच्या खांबाची. फळ्या काढल्या की खांब कसा गुळगुळीत दिसतो. त्याला आधी छिन्नीने टाचे मारायचे, मग धूळ झाडायची, मग पाणी मारायचं आणि मगच गिलावा. टाचे न मारता केलेलं काम दोन पावसाळ्यांत पोपडे धरून खाली येतं. सरांनी पहिल्यांदा कपाची खरखरीत पाठ का असते ते समजावलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर टाचेच की. फरक एवढाच की गिलावा आपण थापतो. हाडाला कुणी थापत नाही. ते आपल्या पायांनी इम्प्लांटपर्यंत चालत येतं, आणि यायला काही आठवडे घेतं.

ते येतं हे कळलं तेही अपघातानेच. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात टिटॅनियमची छोटी नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना, हाडाने तिला आपलंसं केलं होतं. टिटॅनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो, आणि शरीर त्या थराशी भांडत नाही. पुढे त्यांनी त्यावर दातांचे इम्प्लांट उभे केले, पहिला पेशंट १९६५ चा.

आधी पाठ बघायला शिका

कंपनीचा माणूस डेमोचे नमुने घेऊन येतो तेव्हा चहा पिऊन त्याला वाटेला लावू नका. नमुने हातात घ्या, खिडकीच्या उजेडात तिरके धरा. डेमोच्या तुकड्यांना हात लावायला बंदी नाही, तेव्हा नखही फिरवून बघा.

राखाडी, मंद, बिनचकाकीची आणि नखाला बारीक सँडपेपरसारखी लागणारी पाठ म्हणजे ग्रिट ब्लास्ट. धातूवर कठीण कणांचा मारा करून ती केलेली असते. तिचे उंचसखल म्हणजे साधारण तीन ते पाच मायक्रॉन, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या पाठीवर हाड वरून धरतं, आत शिरत नाही, कारण शिरायला आत काही नसतंच. स्टेम म्हणजे मांडीच्या हाडात घालायचा दांडा; निमुळत्या टिटॅनियम स्टेमना पुष्कळदा हीच पाठ असते आणि ती उत्तम चालते. दिसायला काही खास नसते म्हणून तिला हलकी समजू नका.

रवा सांडून भाजल्यासारखे गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले की ती दाण्यांची पाठ. धातूचे बारीक मणी भट्टीत तापवून मूळ अंगाला आणि एकमेकांना जोडलेले असतात. मण्यांच्या मधल्या फटी हेच तिचं खरं काम. हाड तिथे आत शिरतं आणि मण्यांच्या मागून वळसा घालतं. ही भोकं किती मोठी असावीत याच्यावर बरंच काम झालं आहे. साधारण शंभर ते चारशे मायक्रॉन हा पल्ला हाडाला मानवतो. फार बारीक भोकात रक्तवाहिनी शिरत नाही, आणि रक्तवाहिनीशिवाय जिवंत हाड नाही.

प्लाझ्मा स्प्रेची पाठ वेडीवाकडी, गोठलेल्या शिंतोड्यांसारखी. वितळलेला टिटॅनियम झोताने मारलेला असतो.

मग जाळीची पाठ. पोरस टँटलमचा, म्हणजे टँटलम धातूच्या सच्छिद्र जाळीचा, तुकडा पाहिलात तर पोवळ्याचा खडा वाटेल. त्यात सुमारे ऐंशी टक्के पोकळीच असते, मण्यांच्या पाठीत ती तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास. आता थ्रीडी प्रिंटिंगने टिटॅनियमची तशीच जाळी काढतात. धातूची भुकटी थरावर थर वितळवत कप आणि त्याची पाठ एकाच वेळी तयार होते. आपल्या आंबोळीला तव्यावर जाळी पडते तशी दिसते ती. हलकी असते आणि भरीव धातूपेक्षा कमी ताठ. हे ताठपण महत्त्वाचं, कारण टिटॅनियमचा मिश्रधातू मांडीच्या बाहेरच्या कठीण हाडापेक्षा पाच-सहा पट ताठ असतो, कोबाल्ट-क्रोम त्याच्याही दुप्पट. धातूनेच सगळा भार उचलला की शेजारच्या हाडाला काम राहत नाही आणि ते विरळ होत जातं.

शेवटची, आणि सगळ्यात जास्त सांभाळायची, ती पांढरट पाठ. भिंतीला चुन्याचा एकच हात मारावा तसा मंद पांढरा रंग. हे हायड्रॉक्सिअपेटाइट. ओटीत आपण नुसतं एचए म्हणतो. हाडातलं खनिज जवळपास हेच, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. हाडाच्या पेशींना ती पाठ परकी वाटत नाही आणि मधली बारीक फट भरून काढायला ती मदत करते. पूर्ण एचए मारलेले खुब्याचे स्टेम १९८५-८६ पासून वापरात आहेत. थर पन्नास-साठ मायक्रॉनपासून दीडशेपर्यंत, कंपनीप्रमाणे. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या आगेमागे. एवढ्या पातळ थरावर चिमटा घासला तर काय राहील?

खोका उघडण्याआधी

आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर स्टोअररूममधल्या पुठ्ठ्याला सर्द येते, कोपरे मऊ पडतात, कधी बुरशीचे ठिपके दिसतात. इम्प्लांटचा खोका हातात आला की आधी पुठ्ठा, मग आतलं सील. सील कुठे उसवलं, फुगलं, ओलसर दिसलं तर तो खोका परत. लेबलवर फाटक्या पाकिटाचं चित्र काट मारून दिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच. वाळूच्या घड्याळाचं चित्र म्हणजे वापरायची अखेरची तारीख. काट मारलेला दोनचा आकडा म्हणजे एकदाच वापरायचा. स्टराइलच्या शेजारी आर असेल तर किरणोत्साराने निर्जंतुक केलेला.

एकदा उघडलेला आणि न वापरलेला खरखरीत इम्प्लांट ऑटोक्लेव्हमध्ये घालून पुन्हा ठेवायचा नाही. एवढा महागाचा माल टाकून द्यायचा, म्हणून जीव तुटतो खरा. पण भोकांत गेलेलं रक्त आणि हाताचा मळ कुठल्याही ब्रशने निघत नाही, आणि एचएचा थर तर त्यात खराबच होतो.

म्हणून उघडायची घाई करू नका. ट्रायल, म्हणजे मापाचा तात्पुरता नमुना, बसला, सांधा फिरवून पाहिला, सर म्हणाले "हाच", मगच. बाहेरची सिस्टर लेबल मोठ्याने वाचते: डावा की उजवा, साइझ, पाठ कुठली, तारीख. सर तेच परत म्हणतात. नुसती मान डोलावली तर मी पुन्हा विचारते. एखाद्या सरांना राग येतो, येऊ दे.

हातात घेताना

बाहेरचे ग्लोव्ह्ज बदला. आतापर्यंत त्या हातांनी मॉप, सक्शन, हाडाचे तुकडे, काय काय हाताळलेलं असतं.

कप त्याच्या इम्पॅक्टरवर, म्हणजे ठोकून बसवायच्या दांडीवर, पाकिटातूनच चढवायचा. स्टेम मानेकडून धरायचा किंवा थेट इन्सर्टरवर घ्यायचा. खरखरीत भागाला बोट नाही, गॉज नाही, मॉप नाही, ड्रेपचा कापड नाही. पेशंटच्या कातडीला तर अजिबात नाही. ट्रॉलीवर आडवा टाकून ठेवायचा नाही. पाकिटातून निघाला की सरांच्या हातात, तिथून हाडात, मध्ये मुक्काम नको. उडालाच रक्ताचा थेंब, तर तो राहू दे. पेशंटचंच रक्त आहे, आत गेल्यावर चारी बाजूंनी तेच असणार आहे. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर!

इतकं सोवळं का, ते ऐका. जिथे हाड शिरू शकतं तिथे जंतूही शिरतात. स्टॅफिलोकोकस असतो एक मायक्रॉनचा, त्याला तीनशे मायक्रॉनचं भोक म्हणजे वाडा. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं: शरीराच्या पेशी आधी पोहोचल्या तर जागा त्यांची, जंतू आधी पोहोचले तर त्यांची. जंतूंनी वर चिकट थर धरला की अँटिबायोटिक आत पोहोचणं मुश्कील होतं.

आता एक गंमत. त्याच स्टेमच्या वरच्या टोकाला टेपर असतो, ज्याच्यावर गोल हेड बसतं. तिथे नियम बरोबर उलटा. टेपर पुसायचाच, स्वच्छ आणि कोरडा ठणठणीत. रक्त किंवा चरबी राहिली तर हेड नीट बसत नाही, सिरॅमिकचं असेल तर पुढे फुटण्याचा धोका. एकाच दांड्यावर दोन कायदे. नव्या मुलींचा गोंधळ इथेच होतो: पुसायचं तिथे पुसत नाहीत आणि नाही तिथे पुसतात.

हाडाची बाजू

टाचे कितीही छान मारा, भिंतच भुसभुशीत असेल तर काय उपयोग. हाड जिवंत हवं. करवत, ड्रिल, हाड कोरायचा रीमर चालू असताना सलाईन टाकायचं काम तुमचं, आणि ते पाट्या टाकल्यासारखं करू नका. हाड सत्तेचाळीस अंश सेल्सिअसवर एक मिनिट राहिलं तरी इजा होते, असं सशांवरच्या प्रयोगात १९८३ मध्ये दिसलं. मेलेल्या हाडातून नवं हाड चालून येत नाही. रीमरची धार गेली असेल तर सरांना सांगा. बोथट रीमर कापत नाही, घासतो, आणि घासलं की तापतं.

काही इम्प्लांट हाडाच्या सिमेंटने बसवतात, बाबांच्या सिमेंटने नव्हे; हा लगदा हाड आणि इम्प्लांट यांच्या मध्ये भरतात आणि तो घट्ट होतो. ते वापरायचं असतं तेव्हा हाड धुऊन कोरडं करतात. सिमेंटविना घालायचं असेल तर उलट, हाडातून रक्त पाझरताना दिसलं की सर खूश. आपण सक्शन घेऊन तिथे जास्त शहाणपणा करायचा नाही.

कपासाठी उखळी सहसा कपापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर कमी कोरतात, म्हणजे कप ठोकल्यावर आवळून बसतो. स्टेम ठोकताना कान द्या. आधी ठक, ठक असा भरीव आवाज येतो. मग एका क्षणी तो ठण्ण होतो, वरच्या पट्टीत जातो. दांडा बसला. त्यानंतरचा प्रत्येक घाव म्हणजे हाडाला चीर जाण्याची शक्यता. सर तिथे थांबतात, आणि माझाही श्वास तिथेच सुटतो.

हलू द्यायचं नाही

माझ्या मते सगळ्या पाठींचं मर्म इथे आहे, आणि ते ओटीत संपत नाही. इम्प्लांट पहिल्या दिवसापासून घट्ट हवा. भार टाकल्यावर तो हाडाशी थोडा सरकतोच. ती सरक चाळीस मायक्रॉनच्या आत असेल तर हाड आत येतं. दीडशेच्या वर गेली तर हाडाऐवजी नुसता तंतूंचा पडदा तयार होतो, आणि पडद्यावर उभा असलेला इम्प्लांट सैलच. केस सत्तर मायक्रॉनचा धरा, म्हणजे अर्धा केस आणि दोन केस यातला हा फरक. बाबांच्या भाषेत सांगायचं तर गिलावा ओला असताना भिंतीला धक्का लावायचा नाही.

पहिले सहा ते बारा आठवडे नाजूक. पहिल्या दिवसांत पाठीवर रक्ताची गुठळी, मग पेशी, मग कच्चं हाड, आणि ते पक्कं व्हायला पुढचे कित्येक महिने. पेशंटला दुखत नसतं, म्हणून त्याला वाटतं झालं. सत्तरीतला एक बागायतदार मला आठवतो. काजूचा हंगाम तोंडावर, भट्टीची तयारी. महिन्याभरातच वॉकर सोडून डोंगर चढला. तपासणीला आला तेव्हा म्हणाला, "सिस्टर, बसून उठलो की पहिली चार पावलं मांडीत कळ येते, मग बरं." एक्स-रेत स्टेम काही मिलिमीटर खाली बसलेला. नशिबाने पुढे तिथेच स्थिरावला, पण पाय थोडा आखूड राहिला. उठल्यावरच्या पहिल्या पावलांना मांडीत येणारी कळ हे वाक्य पेशंटच्या तोंडून ऐकलंत तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवा, "होतं असं" म्हणून सोडू नका.

डिस्चार्जच्या वेळी मी घरच्यांना बसवून सांगते. डॉक्टरांनी जेवढा भार सांगितला तेवढाच. सिगरेट, विडी, तंबाखू बंद, त्याने हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. दुखण्याच्या गोळ्या चिठ्ठीप्रमाणेच. फार्मसीतून मनाने आणून महिनोन् महिने खाऊ नका, त्यातल्या काही हाड भरायला अडथळा करतात. विळीवर उकिडवं बसून नारळ खोवायचा नाही. हे पाठीच्या खरखरीतपणासाठी नाही, सांधा निखळू नये म्हणून. पण गणपतीची चवथ जवळ आली की आमच्या बायका सगळं विसरतात. सांगून ठेवलेलं बरं.

"सिस्टर, महागातला घालू?"

हा प्रश्न कॉरिडॉरमध्ये मलाच येतो, कारण सरांना विचारायला लोक भितात. निर्णय सरांचा, हे आधी सांगते. पण समजूत म्हणून एवढं सांगायला माझी ना नाही: सगळ्यांनाच खरखरीत पाठ लागत नाही. पस्तीस-चाळिशीतला माणूस, खुब्याचा गोळा रक्ताअभावी सुकलेला, हाड दणकट, त्याला सिमेंटविना घालण्यात अर्थ आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, ठिसूळ हाडाच्या आजीला ठोकून बसवायला गेलं तर हाडच फुटायची भीती, तिथे सिमेंटचा स्टेम पुष्कळदा जास्त सुरक्षित. गुडघे तर अजूनही बहुतेक सिमेंटनेच बसतात. सिमेंट म्हणजे गरिबांचं, हे डोक्यातून काढा. जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये ज्या खुब्याने सांधेबदलाचं चित्र पालटलं तो सिमेंटचाच होता.

तीन वर्षांपूर्वी बाबा न्हाणीघरात घसरले, मांडीच्या हाडाची मान मोडली. वय सत्त्याहत्तर. सरांनी सिमेंटचा, आरशासारखा पॉलिश केलेला स्टेम घातला. मी त्यांना तसाच डेमोचा तुकडा आणून दाखवला तर त्यांनी अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी. "हा गुळगुळीत. टाचे कुठे आहेत? धरणार कसा?"

मी सांगितलं, हा धरायचाच नाही. वरून रुंद, खाली निमुळता. भार आला की सिमेंटमध्ये किंचित खाली सरकतो, मिलिमीटरभर, आणि जितका सरकेल तितका आवळत जातो. एक्सेटर नावाचा स्टेम १९७० मध्ये असाच गुळगुळीत निघाला. १९७६ च्या सुमारास त्याला मंद, किंचित खरखरीत पाठ दिली गेली. ती सिमेंटला घासायला लागली, जास्त स्टेम सैल झाले, आणि १९८६ मध्ये पुन्हा पॉलिश आली.

बाबांनी तुकडा उभा धरून एका डोळ्याने त्याची उतरण पाहिली. म्हणाले, "म्हणजे पाचर. मग असं सांग ना."

स्टिकर

ऑपरेशन संपलं, टाके पडले, सगळ्यांना चहाची आठवण झाली की या क्षणी स्टिकर हरवतात. प्रत्येक खोक्यात स्टिकरची पट्टी असते. एक केसपेपरवर, एक ओटी रजिस्टरमध्ये, एक बिलाला किंवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेच्या कागदांना, आणि एक पेशंटच्या कार्डावर. कप, लायनर (कपाच्या आतलं अस्तर), स्टेम, हेड, स्क्रू, सगळ्यांचे. पंधरा वर्षांनी कप बदलायची वेळ आली तर समोरच्या सर्जनला कुठल्या कंपनीचा, कुठल्या साइझचा, कुठल्या पाठीचा हे कळलंच पाहिजे. हाड आत शिरलेला इम्प्लांट काढायला वेगळी हत्यारं मागवावी लागतात. नुसत्या एक्स-रेवरून अंदाज बांधत बसलेले सर्जन मी पाहिले आहेत, पेशंट टेबलावर आणि सगळे फोनवर.

कार्ड पाकिटात ठेवा असं पेशंटला निक्षून सांगा. आमच्या बाबांचं देव्हाऱ्यात मंगेशाच्या तसबिरीमागे खोचलेलं आहे. मी दोनदा काढून पाकिटात घातलं, दोन्ही वेळा ते परत तिथेच गेलं.